पाठीमागची वीतभर गादी

क्रूझर मोटारसायकलवर चालवणाऱ्याच्या पाठीमागे बसवलेली वीतभर गादी पहिला अर्धा तास फार सुखाची वाटते. तिची खरी पारख तिसऱ्या तासाला होते. कमरेच्या मधोमध एक जागा ठसठसू लागते. माणूस थोडा पुढे सरकतो, पाठ अधांतरी राहते म्हणून पुन्हा मागे टेकतो, आणि ठसठस तिथेच वाट पाहत असते. मुक्कामाला पोचेपर्यंत त्याने निदानही करून टाकलेलं असतं: गादी कडक आहे, मऊ घ्यायला हवी. मग कुशनवाल्याकडे जाऊन जाड, गुबगुबीत फोम भरून घेतला जातो आणि पुढच्या प्रवासात दुखणं आणखी लवकर सुरू होतं.

याचं उत्तर फोमपेक्षा आपल्या पाठीच्या रचनेत जास्त आहे. गादी पाठीला कुठे लागते, कोणत्या कोनातून लागते आणि आपल्याला किती पुढे ढकलते, हे तीन प्रश्न आधी सोडवायला हवेत. मऊपणाचा विचार त्यानंतरचा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि पाठही दुखतच राहते.

चालवणाऱ्यासाठी टेकू ही मुळात अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासातून आलेली गोष्ट. साठच्या दशकातल्या चॉपर गाड्यांना मागे उंच दांडी असायची. तिला सिसी बार म्हणत, आणि १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातल्या गाडीमुळे ती जगभर ओळखीची झाली. पण ती दांडी मागे बसणाऱ्यासाठी किंवा सामान बांधण्यासाठी होती. हार्ले-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड १९६५ साली आली, होंडाने १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात गोल्ड विंग मांडली, आणि मोटारसायकलवर दिवसाला सात-आठशे किलोमीटर जाणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था तर २४ तासांत १००० मैल, म्हणजे सुमारे १६०९ किलोमीटर, पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र देते, आणि भारतातले चालकही ते मिळवतात. इतका वेळ बैठक मारणाऱ्यांना स्वतःच्या पाठीमागे आधार हवा होता, तेव्हा चालवणाऱ्याची बॅकरेस्ट जोडणीच्या सामानात आली.

आपल्याकडे आकुर्डीच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर २००५ पासून आहे. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड तिच्याही आधीची. मग २०२० मध्ये मिटिऑर ३५० आली आणि २०२३ मध्ये सुपर मिटिऑर ६५०. या गाड्यांच्या काही प्रकारांवर कंपनीकडून बॅकरेस्ट येते खरी, पण ती मागे बसणाऱ्यासाठी. चालवणाऱ्याची बॅकरेस्ट बहुतेक वेळा बाहेरून घेतलेली असते. पुढच्या आणि मागच्या सीटच्या फटीतून वर येणारी एक पट्टी, तिच्यावर पत्रा किंवा प्लायवूड, त्यावर फोम आणि रेक्झिन. ती बनवणाऱ्यासमोर गाडीचं मॉडेल असतं, तुमची उंची नसते. पाच फूट दोन इंचांची बाई आणि सहा फुटांचा पुरुष यांच्या कमरेचा बाक सीटपासून एकाच उंचीवर येत नाही, आणि गादी मात्र एकाच मापाची येते.

आता पाठीकडे वळू. जमिनीवर दोन्ही पाय लांब करून, कशालाही न टेकता बसून पाहा. मिनिटभरात पाठ गोल होते आणि कमरेतला आतला बाक नाहीसा होतो. गुडघे जरा वर घेऊन वाकवले की ओढ कमी होते. मांडीच्या मागचे लांब स्नायू बैठकीच्या हाडांपासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. गुडघा सरळ झाला की ते ताणले जातात, बैठकीची हाडं पुढे ओढतात, आणि त्यामुळे कटीचा वरचा भाग मागे कलतो. त्याच्यावर उभा असलेला पाठीचा कणा मग गोल होण्याशिवाय काय करणार? क्रूझरवर फूटरेस्ट पुढे असतात. पाय जितके पुढे आणि जितके सरळ, तितकी ही ओढ जास्त. शिवाय अशा बैठकीत पायांवर भार घेता येत नाही. खड्डा दिसला की साध्या मोटारसायकलवर माणूस फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठतो. पाय पुढे असताना तसं उठणं कठीण जातं आणि दणका थेट कण्यात जातो. क्रूझरवर टेकूची गरज खरी आहे ती यामुळे. स्पोर्ट बाइकवर छाती टाकीकडे झुकलेली असते, तिथे मागचा टेकू निरुपयोगीच.

मांडी आणि धड यांच्यातल्या कोनाचा कमरेवर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतले शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण चित्रं काढून दाखवलं. तो कोन सुमारे १३५ अंशांचा असताना कमरेचा बाक नैसर्गिक राहतो आणि ९० अंशांकडे येताना सपाट होत जातो. त्यानंतर स्वीडनमधले अल्फ नाकेमसन यांनी साठच्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं असतानाचा दाब १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर तो १४० च्या आसपास जातो, असं त्यांना आढळलं. पुढे १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका माणसावर असंच मापन केलं. तिथे उभं राहताना ०.५ मेगापास्कल आणि सैल बसताना ०.४६, म्हणजे जवळपास सारखाच दाब आला. हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यावर तज्ज्ञांमध्ये चर्चाही झाली. आपल्या कामाचा मुद्दा मात्र वादाबाहेरचा आहे. त्याच उल्मच्या मापनात पाठ मागे टेकून सैलावल्यावर दाब ०.२७ पर्यंत उतरला. स्वीडनमध्येच १९७४ साली गुन्नर अँडरसन यांच्या गटाला दिसलं होतं की टेकू मागे कलता असेल आणि कमरेच्या बाकाला आधार देत असेल, तर चकतीवरचा दाब आणखी घटतो. टेकू उपयोगी पडतो तो धडाचं काही वजन स्वतःवर घेतो म्हणून, आणि कटीला मागे कोसळू देत नाही म्हणून. ही दोन कामं तो करत असेल, तर बाकी सगळं दुय्यम.

म्हणूनच जागा महत्त्वाची. दोन्ही हातांचे पंजे कमरेवर ठेवा, बोटं पुढे आणि अंगठे मागे. कटीच्या हाडाची वरची कड चाचपून त्याच उंचीवर अंगठे पाठीच्या मध्याकडे न्या. ते मिळतात तिथे साधारण कमरेचा चौथा मणका असतो. कमरेचे मणके एकूण पाच, आणि आतला बाक सर्वांत खोल असतो तो याच भागात, किंवा त्याच्या बोटभर वर. गादीचा सगळ्यात पुढे आलेला भाग या रेषेवर किंवा तिच्या दोन बोटं वर यायला हवा. दबलेल्या सीटपासून मोजलं तर हे अंतर बहुतेकांच्या बाबतीत १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं.

तयार गाद्यांची सर्वांत मोठी खोट या रेषेच्या खाली असते. गादीची खालची कड नितंबांना किंवा माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडाला टेकली की ती आख्खी बैठकच पुढे ढकलते. माणूस टाकीकडे सरकतो आणि कमर मागे गोल होऊन गादीच्या वरच्या कडेवर टेकते. जिथे पोकळी हवी तिथे दाब, आणि जिथे आधार हवा तिथे पोकळी. चांगल्या खुर्च्या बनवणारे लोक टेकूच्या खाली नितंबांसाठी मोकळी जागा का सोडतात, ते इथे कळतं. वरच्या बाजूची चूक वेगळी. गादी उंच असेल तर ती खांद्याच्या पात्यांना लागते, आणि लेन बदलताना मान वळवून मागे पाहणं जड जातं. मोटारसायकलवर ही गैरसोय धोक्याची आहे. खांद्याची पाती मोकळी राहतील इतकीच उंची ठेवावी, आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांना चांगली गोलाई द्यावी.

जुनी गादी नेमकी कुठे लागते हे अंदाजाने ठरवू नका. शिंप्याचा खडू गादीवर भरपूर घासा, रोजचं गडद जाकीट घाला, गाडी मेन स्टँडवर घेऊन किंवा कुणाला तरी धरायला सांगून पाय फूटरेस्टवर ठेवा आणि दहा मिनिटं चालवताना बसता तसे बसा. उतरल्यावर जाकिटावर उमटलेला खडू सगळं सांगतो. आडवी बारीक रेघ उमटली असेल तर गादीची कड रुततेय, म्हणजे कोन चुकलाय. फक्त मधोमध ठिपका असेल तर गादी फार फुगीर आहे. पसरट, डावी-उजवीकडे सारखा असा पट्टा आला तर आकार बरोबर आहे आणि दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. एकाच बाजूला खडू जास्त लागला तर पट्टी पिळलेली आहे का ते पाहा, आणि मागच्या खिशातलं पाकीटही काढा. त्या पाकिटाने कटी एका बाजूने उचलली जाते आणि दोष बिचाऱ्या गादीवर येतो.

खडूची परीक्षा जाकीट घालूनच करायला सांगतो, त्यामागे कारण आहे. पाठीच्या संरक्षक कवचाचं जाकीट वापरत असाल, म्हणजे ईएन १६२१-२ मानकाचं ते टणक कवच आत असेल, तर गादी पाठीला लागतच नाही, कवचाला लागते. कवचाची खालची कड आणि गादीची वरची कड एकमेकींवर आली तर कितीही उत्तम फोम घातला तरी तिथे वळ उठणारच. मापं त्याच कपड्यांत घ्यावीत ज्यांत प्रवास होणार आहे.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे सीट. पाच-सहा पावसाळे पाहिलेल्या सीटचा फोम बसलेला असतो. समजा तो दोन सेंटिमीटर बसला, तर बसणारा दोन सेंटिमीटर खाली गेला आणि त्याच्या दृष्टीने बॅकरेस्ट तितकीच वर गेली. नवी असताना नेमकी बसणारी गादी मग हळूहळू खुपायला लागते, आणि बदलली जाते गादीच. आधी सीटवर बसून हाताने खालचा पत्रा जाणवतो का ते पाहा. जाणवत असेल तर सीटचं काम आधी, बॅकरेस्टचं नंतर. उलट क्रमाने केलंत तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतील.

नवी गादी बनवायला टाकण्याआधी तिची तालीम घ्यावी, असा माझा आग्रह आहे. एक जुना टॉवेल घट्ट गुंडाळून वेलक्रोच्या पट्ट्यांनी सध्याच्या गादीवर हव्या त्या उंचीवर बांधा आणि ओळखीच्या रस्त्यावर तासभर गाडी चालवा. मग तो दोन बोटं वर, दोन बोटं खाली, कधी एक घडी कमी, असं करून पाहा. दुखण्याची जागा सरकते, कमी होते, कधी नाहीशी होते. जी उंची आणि जितकी जाडी सुखाची वाटली, ती फूटपट्टीने मोजून कागदावर लिहा. कुशनवाल्याला ‘जरा मऊ करा’ असं सांगण्यापेक्षा ‘फुगीर भाग खालच्या कडेपासून ११ सेंटिमीटरवर हवा आणि तो दोनच सेंटिमीटर पुढे यावा’ असं सांगितलं तर त्याचंही काम सोपं होतं. बाकाचा आधार म्हणून दोन-तीन सेंटिमीटर पुरेसे असतात, त्याहून जास्त फुगवटा म्हणजे पाठीत कोपर.

जाडी ठरवताना हातांकडेही पाहा. गादी चार सेंटिमीटर जाड झाली की तुम्ही तितकेच हँडलजवळ जाता. बसल्या जागी हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. बाहेरचा हात ताठ न होता पोचला पाहिजे आणि आतलं कोपर बरगडीला घासता कामा नये. मांड्यांचा वरचा भाग टाकीला चिकटत असेल तर गादी पुढे आली आहे.

कोनाबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती सर्वांत परिणामकारक आहे. गादी पट्टीला पक्की जखडलेली असेल तर तिचा कोन एकाच बैठकीला जुळतो. तुम्ही किंचित पुढे झुकलात की खालची कड टोचते, मागे रेललात की वरची. गादीच्या मागे आडवी बिजागरी किंवा एकच आडवा बोल्ट असेल आणि गादी दहा-पंधरा अंश मागेपुढे डुलू शकत असेल, तर ती स्वतःच पाठीशी जुळवून घेते. कित्येकदा फोमला हात न लावता फक्त ही डुलती जोडणी केली तरी तक्रार संपते. फॅब्रिकेशनच्या कोणत्याही चांगल्या कारागिराला हे जमतं.

आता फोम. आज सीटमध्ये वापरतात तो बहुतेक पॉलियुरेथेन. ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत या रसायनाचा शोध लावला आणि पन्नासच्या दशकात त्याचा लवचिक फोम बाजारात आला. दुकानात विचाराल तर ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ अशी भाषा ऐकू येते, आणि घेणारा समजतो की आकडा मोठा म्हणजे फोम कडक. तसं नाही. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. कडकपणा वेगळ्या पद्धतीने मोजतात. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी फोममध्ये त्याच्या जाडीच्या २५ टक्के रुतवायला किती जोर लागतो, तो कडकपणा. एकाच डेन्सिटीचे दोन फोम एक मऊ आणि एक कडक असू शकतात. डेन्सिटी प्रामुख्याने सांगते ती टिकाऊपणा: हलका फोम लवकर बसतो, जड फोम वर्षानुवर्षं उभारी धरतो. उपयोगाचं आणखी एक माप म्हणजे तबकडी ६५ टक्के रुतवायला लागणारा जोर भागिले २५ टक्क्यांचा जोर. हे गुणोत्तर जितकं मोठं, तितका फोम वरून मऊ आणि आतून भक्कम. पाठीला नेमका असाच हवा असतो.

इथे एक समज मोडायला हवा. सीटसाठी नावाजलेला कडक फोम बॅकरेस्टला घातला की काम फत्ते, असं अनेकांना वाटतं. सीटवर शरीराचं बहुतेक वजन पडतं. बॅकरेस्टवर सरळ बसलेल्या माणसाचा जोर त्या मानाने फार थोडा. तितक्या जोरात सीटचा फोम दबतच नाही आणि फळीला टेकल्यासारखं होतं. उलट टोक म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा मऊ फोम. त्यात पाठ रुतते, कटी मागे कलतच राहते, आणि शेवटी मणक्यांचे उंचवटे मागच्या प्लायवूडपर्यंत पोचतात. मऊ गादीने दुखणं वाढण्याचं रहस्य एवढंच आहे. दोन थर हा सरळ उपाय: फळीला लागून २५ ते ३० मिलिमीटर मध्यम कडक, जड डेन्सिटीचा थर आणि वर १० ते १२ मिलिमीटर मऊ. मधोमध, मणक्यांच्या रांगेसमोर, खालच्या थरात दोन बोटं रुंद उथळ उभी खाच काढली तर भार मणक्यांच्या टोकांवर न येता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरतो.

मेमरी फोमची जाहिरात सगळीकडे आहे. चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या एम्स केंद्रासाठी १९६६ साली केलेल्या कामातून तो आला, आणि शरीराच्या उष्णतेने मऊ होणं हा त्याचा गुण. मोटारसायकलवर हाच गुण अडचणीचा ठरतो. डिसेंबरच्या पहाटे तो दगडासारखा असतो आणि मे महिन्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर पार ढिला. वरचा पातळ थर म्हणून चालेल, आख्खी गादी त्याची करू नये. तुकडे चिकटवून केलेला रंगीबेरंगी रिबॉन्डेड फोम तळाच्या थरासाठी स्वस्त आणि टिकाऊ आहे, फक्त जाडी बेताची ठेवा.

इंजिनाची बारीक थरथर फोम चांगली गिळतो. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर चालणारं एका सिलिंडरचं इंजिन सेकंदाला सुमारे ६७ वेळा थरथरतं, आणि अशी जलद कंपनं दोन इंच फोममध्येच विरतात. रस्त्याचे दणके वेगळे. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हिसक्यांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतं, आणि या संथ हिसक्यांवर बॅकरेस्टचा फोम काही करू शकत नाही. ते काम शॉक अॅब्सॉर्बरचं, टायरमधल्या हवेचं आणि सीटचं. मागचे शॉक कडक असलेल्या गाडीवर बॅकरेस्टची गादी तीनदा बदलूनही आराम मिळत नसेल, तर शोध चुकीच्या जागी चाललाय.

मागची फळी आणि तिचे बोल्ट यांच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. एक ढोबळ हिशेब करू. काच नसलेल्या गाडीवर ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन होतो. छाती-पोटाचं क्षेत्र ०.४ चौरस मीटर धरलं तर माणसाला मागे रेटणारा जोर जवळपास १८ किलो वजनाइतका. हात सैल सोडले तर तो सगळा बॅकरेस्टवर. गादीचा मध्य पट्टीच्या बोल्टांपासून २२ सेंटिमीटर वर असेल आणि दोन बोल्टांमध्ये ५ सेंटिमीटरचं अंतर असेल, तर तरफेच्या नियमाने प्रत्येक बोल्टवर सुमारे ८० किलोचा ताण येतो, आणि खड्ड्यातले हिसके वेगळेच. म्हणून पत्र्याच्या पातळ पट्टीवर साधे स्क्रू मारून गादी बसवू नये. ९ ते १२ मिलिमीटरचं मरीन प्लायवूड, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेलं, त्यात फोमच्या बाजूने मारलेले टी-नट, ८ मिलिमीटरचे बोल्ट, मोठे वायसर आणि नायलॉक नट. फोम चिकटवण्याआधीच टी-नट मारून त्यांवर कापडाची चिकटपट्टी लावा. नाहीतर फोम चिकटवायचं सोल्यूशन आट्यांत जाऊन बसतं, आणि बोल्टचं टोक फोममध्ये घुसलं तर ते एक दिवस पाठीला भेटतं. बोल्टची लांबी मोजून घ्या.

जुनी गादी उघडताना घाई नको. मागच्या स्टेपल पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलून पकडीने ओढाव्यात. जुनं रेक्झिन फाडू नये, शिवण उसवून जपून ठेवावं, कारण नव्या कव्हरचा कागदी नमुना त्याच्यावरूनच निघतो. फोमला आकार देताना आधी लांब पात्याच्या सुरीने ढोबळ कापा, मग खरखरीत पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरला सँडिंगची चकती लावून घासत कडा उतरवा. आणि हे करताना तोंडाला मास्क हवाच, फोमची धूळ छातीत जाते. थर चिकटवताना सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावून, ते बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. जाड लावलं तर सुकल्यावर त्याचीच एक कडक पापडी तयार होते आणि ती वरून जाणवते.

कव्हरसाठी चारही बाजूंना ताणलं जाणारं रेक्झिन घ्या. ते वळणांवर सुरकुत्या न पडता बसतं. शोभेचे टाके, मधोमध गोट किंवा बटणं पाठीसमोर नकोत. गोट हवीच असेल तर कडेने. काळा रंग उन्हात चटका देतो, राखाडी किंवा तपकिरी जरा बरा. घामाचा त्रास असणाऱ्यांना पुढच्या भागात जाळीचं जाड कापड सुखाचं वाटतं, पण त्यातून पाणी सरळ आत जातं.

पाणी हा आपल्याकडे स्वतंत्र विषय आहे. फोमची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तो पाणी पितो, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर जूनमध्ये भिजलेली गादी सप्टेंबरपर्यंत आतून ओलीच राहते. तिला वास येतो, प्लायवूडचे थर सुटतात, पिना गंजतात. रेक्झिन स्वतः पाणी आत घेत नाही, शिवणीची भोकं घेतात. आतल्या बाजूने शिवणीवर पट्टी चिकटवून घ्या, पिना स्टेनलेस स्टीलच्या वापरा, आणि प्लायवूडच्या सर्वांत खालच्या भागात दोन लहान भोकं ठेवा. सगळीकडून बंद केलेल्या गादीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. प्लायवूडच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचा हात द्यायला विसरू नका.

चालवणाऱ्याची बॅकरेस्ट मागे बसणाऱ्याच्या जागेवर अतिक्रमण करते, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी बाजूला किंवा चालकाच्या सीटमागे धरायची कायमची सोय, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून संरक्षक आवरण असावंच लागतं. नव्या गादीमुळे ती धरायची दांडी झाकली जात असेल तर तशी गादी नको. मागे कुणी नियमित बसत असेल तर पुढे पडणारी किंवा खेचून काढता येणारी पट्टी घ्या, कारण उभ्या गादीवरून पाय टाकून चढणं, विशेषतः साडी नेसलेल्या किंवा वयस्क माणसाला, अवघडच नव्हे तर पडण्याचं निमंत्रण आहे. गादीची मागची बाजू, बोल्टांची डोकी आणि प्लायवूडची कड हेही कापड लावून झाका. अचानक ब्रेक लागला की मागच्या माणसाची छाती किंवा हनुवटी तिथेच आदळते.

उत्तम गादीलाही एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे शरीराची हालचाल. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना जवळजवळ रक्तपुरवठा नसतो. त्यांचं पोषण आजूबाजूच्या ऊतींमधून हळूहळू झिरपत होतं. टेकू इतका आरामाचा झाला की माणूस दोन-दोन तास जागचा हलत नाही, तर कंबर आखडणारच. तासा-सव्वा तासाने थांबून चार पावलं चाला, आणि चालवतानाही मधूनमधून टेकू सोडून बसा. कमरेतून पायात उतरणारी कळ, पायाला बधिरपणा किंवा पायातला जोर कमी झाल्यासारखं वाटणं, यांचा गादीशी संबंध लावत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, उशीर न करता, रुग्णालयात जावं.

नव्या गादीचं पहिलं लांबचं फिरणं हीसुद्धा मोजणीच समजा. फोम पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा बसतो, प्लायवूडही बोल्टांखाली दबतं, त्यामुळे एकदा पान्याने सगळे नट तपासून घ्या. खडूची परीक्षा पुन्हा करा आणि जुन्या खुणांशी ताडून पाहा. कव्हर शिवताना खालच्या कडेला वेलक्रोची किंवा चेनची वाट ठेवायला कुशनवाल्याला आधीच सांगितलं असेल, तर आता पाच मिलिमीटरचा एखादा तुकडा आत सरकवणं किंवा काढून घेणं पार्किंगमध्ये उभ्या उभ्या होतं.